पोटाला न लागलेला हात

डॉक्टरनं मला दारातूनच बघितलं. खोलीत पाऊल टाकलं नाही. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात चहाची कपबशी. मी खाली फरशीवर गोधडी टाकून पडले होते. खाट मोकळी होती, पण ती सिस्टरनं कुणासाठी तरी राखून ठेवली होती. डॉक्टरनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि सिस्टरला म्हणाला, "ह्या बायका लावणी करता करता बांधावर बसतात, पोर काढतात, आणि परत चिखलात उभ्या राहतात. हिला कसली घाई? तोंडातून आवाजसुद्धा नाही अजून. पडू दे."

पडू दे. माझ्याबद्दल तो एवढंच बोलला. माझ्याशी तर तेवढंही नाही.

त्या वेळी दवाखान्यामागच्या शाळेची सकाळची घंटा झाली होती. ही घंटा ध्यानात ठेवा. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, पण कान होते.

ही गोष्ट पालघरची. तिकडं तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं होतं, त्या काळातली. माझा नवरा रूपजी तिथं खडी वाहायला होता. आठवड्यानं एकदा घरी यायचा, अंगाला सिमेंटचा वास. आमचा पाडा मनोरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही वारली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. डॉक्टरला ते न सांगताच समजलं होतं. माझ्या लुगड्यावरून, गोंदणावरून. मग त्याला आणखी काही तपासायची गरज वाटली नाही.

आता तुम्ही म्हणाल, डोंगरातली बाई त्या काळात बाळंतपणाला दवाखान्यात कशाला गेली? मी गेले नाही. मला नवशी आजीनं पाठवलं. नवशी आजी आमच्या पाड्याची सुईण. माझ्या नवऱ्याला तिनंच काढलं होतं, आणि त्याच्या बापालासुद्धा म्हणतात. मध्यरात्री मला कळा लागल्या, तिनं पोटावरून हात फिरवला, वर चाचपलं, खाली चाचपलं, आणि हात आखडून घेतला. म्हणाली, "पोर पायाळू हाय, बाय. डोकं वर हाय. आनि तू पयलटकरीन. माज्या हातचं नाय. पालघरला न्या."

माज्या हातचं नाय. साठ वर्षं बाळंतपणं केलेली म्हातारी हे बोलू शकली. आपला हात कुठवर पोचतो ते तिला माहीत होतं. ज्याच्या भिंतीवर काचेत कागद टांगला होता, त्याला ते माहीत नव्हतं. आणि अडाणी कोण? तर ती.

सासऱ्यानं बैलगाडी जुंपली. नवशी आजी माझ्या बाजूला बसली, सगळ्या वाटेभर माझ्या पाठीवर तळवा टेकवून. दवाखान्याच्या पायरीवर सिस्टरनं तिला अडवलं. आजीनं सांगितलं, "पोर पायाळू हाय, डाक्टरला सांगा." सिस्टर हसली. "तुला काय कळतं ग पायाळू न बियाळू? जा, बाहेर बस. इथं अंगारा-धुपारा चालत नाही." आजीच्या हातात अंगारा नव्हता. एक कापडाची घडी होती आणि गुळाचा खडा, मला द्यायला. दोन्ही घेऊन ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. सबंध दिवस.

आता आमची एक रीत सांगते. तिच्यातच सगळं आहे.

आमच्या पाड्यात बाळंतीण ओरडत नाही. ओरडली तर पोर भिऊन मागं फिरतं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. खरं-खोटं मला विचारू नका. पदराचा बोळा दातात धरायचा, वरून बांधलेली दोरी ओढायची आणि नाकानं श्वास घ्यायचा. सुईणीला आवाज लागतच नव्हता. नवशी आजी पाठीच्या मणक्यावर तळवा ठेवायची आणि तिला समजायचं, कळ कुठवर आली, किती उरली. एकदा आम्ही बाहेर बसलेल्या बाया शेंगा सोलत होतो, आत बाळंतपण चाललेलं, आणि आम्हाला पत्ता पोराच्याच रडण्यानं लागला. अशी रीत.

दवाखान्यात कुणी तळवा टेकवणारं नव्हतं. तिथं आवाजावर मोजत होते. जी मोठ्यानं ओरडेल तिची वेळ भरली. जी गप्प तिला अवकाश आहे. मला हे कुणी सांगितलं नाही. मी आपली शहाण्या बाळंतिणीसारखी दात आवळून पडले. कळ आली की गोधडीचं टोक मुठीत धरायची. सिस्टर दोन-तीनदा डोकावली. डोकावून गेली. मी गप्प. तिला वाटलं, निवांत आहे.

दुपारच्या सुट्टीची घंटा झाली. पोरं कालवा करत बाहेर पडली. त्याच सुमारास खाट ज्यांच्यासाठी राखली होती ती माणसं आली. भाताच्या गिरणीवाल्या शेठची सून. बरोबर सासू, आत्या, एक मोलकरीण, थर्मास, लोड, पांढरी चादर. मध्ये पडदा ओढला. डॉक्टर धावत आला. चपलांचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता एवढा आला. ती पोरगी माझ्याच वयाची असेल. पहिली कळ आली आणि तिनं "आई ग" म्हणून अशी किंकाळी फोडली की बाहेरचा कुत्रा उठला. डॉक्टर म्हणाला, "हां, हां, मी आहे ना इथं. घाबरायचं नाही."

मी आहे ना इथं. मला वाटलं, असंही बोलतात तर डॉक्टर.

तिच्या दोन कळांच्या मध्ये केवढा वेळ जायचा! मी मोजत होते. तेवढ्या वेळात मला चार-पाच येऊन जायच्या. पण आवाज तिचा होता. डॉक्टर तिच्याजवळ खुर्ची टाकून बसला. शेठनं पाठवलेली नानखटाई त्यानं खाल्ली. गिरणीच्या नव्या यंत्राबद्दल सासूला विचारलं. ती पोरगी मात्र वाईट नव्हती हं. तिच्याबद्दल खोटं सांगणार नाही. पडद्याच्या फटीतून तिनं मला पाहिलं, आणि म्हणाली, "डॉक्टर, त्या बाईकडे बघा ना. ती कसा श्वास घेतेय बघा. घामानं भिजलीय सगळी."

डॉक्टर म्हणाला, "तू तिची काळजी करू नकोस. ही माणसं वेगळी असतात. ह्यांना दुखत नाही एवढं."

पोटुशा बाईला दुसऱ्या बाईचं दुखणं पडद्याआडून दिसलं. त्याला गळ्यात नळी अडकवून दिसलं नाही.

मग माझं पाणी गेलं. सिस्टर आली, नाक मुरडलं, खालचं फडकं ओढून काढलं, दुसरं टाकलं. ओलं फडकं बाहेर नेऊन बादलीत टाकलं. बादली व्हरांड्यात, पायरीजवळ. नवशी आजीनं फडकं पाहिलं. पुढचं मी आतून ऐकलं. ती उठली, आणि जिनं उभ्या जन्मात बाळंतपणाजवळ आवाज चढवला नव्हता ती ओरडली, "पानी हिरवं आलंय! अवो, पोर आत हगलंय, गुदमरतंय त्ये! कुनीतरी बगा रं!"

कंपाउंडर धावला. मला वाटलं आत येतोय. तो आजीकडे धावला. दंडाला धरून तिला फाटकाबाहेर काढलं. "शेठची सून आत आहे, गोंधळ करू नको." आजी फाटकाबाहेरून ओरडत राहिली. मग तिचा घसा बसला असावा. आवाज थांबला.

शाळा सुटायची घंटा झाली. पाय बाहेर आले होते. मी सिस्टरला हाक मारली. पहिल्यांदा. "बाई, पोर आलं." ती आली, पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "डॉक्टर! डॉक्टर!" पण डॉक्टर शेठच्या बंगल्यावर चहाला गेला होता. शेठच्या सुनेला अजून पुष्कळ अवकाश होता ना. खरोखरच होता. तिला दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली.

माझ्या पोराचे पाय बाहेर आणि बाकी अंग आत. तसं ते अडकलं. किती वेळ? कंपाउंडर सायकल घेऊन बंगल्यावर गेला तेवढा वेळ. डॉक्टरनं चहा संपवला तेवढा वेळ. चालत आला तेवढा वेळ. तो आला तेव्हा व्हरांड्यातला दिवा लागला होता. त्यानं बाही सारली, आणि पोराला ओढलं. मुळा उपटतात तसं. तेव्हा मी ओरडले. तो म्हणाला, "आता ओरडतेय. दिवसभर काय झोपली होतीस?"

पोर निळं होतं. रडलं नाही. सिस्टरनं पायाला धरून उलटं केलं, पाठीवर मारलं, पाणी शिंपडलं. पुष्कळ उशिरानं त्यानं मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज काढला. डॉक्टर हात धुता धुता म्हणाला, "जगला तर जगला."

जगला. सोमवारी झाला म्हणून सोमा.

सोमानं मान धरली नाही. सहा महिने झाले, वर्ष झालं, मान लुळी. डावी मूठ उघडेना. दूध नाकातून यायचं. डोळे चांगले टपोरे, पण माझ्यावर ठरायचे नाहीत, माझ्या खांद्यापलीकडं कुठं तरी बघायचे. आठव्या महिन्यात पहिली फिट आली. अंग ताठ, तोंडाला फेस. पाड्यातल्या बाया चांगल्या, पण त्यांनाही तोंड आहे. कुणी म्हणालं, ही नक्की ओरडली असेल, म्हणून पोर मागं फिरलं आणि अर्धंच आलं. मी मनात म्हणायची, नाही ग बायांनो, मी ओरडले नाही. मग दुसरं मन म्हणायचं, नाही ओरडलीस म्हणूनच झालं. इकडून मी, तिकडूनही मीच. चार वर्षं ह्या दोन दगडांत मी भरडले गेले. डॉक्टरचं नाव माझ्या मनात एकदाही आलं नाही. बघा, केवढी सोय केली होती आम्ही त्याची!

महिन्यातून एकदा सोमाला खांद्यावर टाकून पालघरच्या त्याच दवाखान्यात जायचं. फिटीच्या पांढऱ्या गोळ्या तिथं फुकट मिळायच्या. त्या घेतल्या तर फिट महिन्यात एकदा-दोनदा, नाही तर रोज. म्हणजे दवाखाना सुटत नव्हता. केसपेपर घेऊन जायचा, कंपाउंडर त्यावर काही खरडायचा, गोळ्या पुडीत बांधून द्यायचा. मी तो कागद पिशवीत, सोमाच्या कपड्यात घडी घालून ठेवायची. माझ्या पोराचा कागद. त्यावर काय आहे ते मला माहीत नव्हतं. देवाच्या टाकासारखा जपायची मी त्याला, मूर्खासारखी.

येताना एसटीची वाट बघावी लागायची. तास, दोन तास. तिथं मी अक्षरं शिकले. शाळा नाही, मास्तर नाही. गाडी यायची, कंडक्टर ओरडायचा, "बोईसर, बोईसर!" मी वरची पाटी बघायची. मग दुसरी गाडी, "मनोर!" पुन्हा पाटी. मनोर आणि पालघर दोन्हींत शेवटचं अक्षर एकच, आणि बोईसरलाही तेच, तारापूरलाही. असं करता करता 'र' माझा झाला. मग 'प', मग 'त'. डहाणूच्या गाडीनं मला फार दिवस छळलं. जवळच्या हॉटेलातल्या मावशी हसायच्या. "काय ग, गाडीत बसायचं सोडून पाट्या काय चाटतेस?" पण त्याच मावशींनी मला जुनी वर्तमानपत्रं दिली, भजी बांधायची. तेलाचे डाग पडलेली. त्यांवर मी काना-मात्रा शिकले. कुठं अडले तर त्या कढईवरून मान वळवून सांगायच्या. माझं पहिलं वाचलेलं सबंध वाक्य केसाच्या तेलाच्या जाहिरातीचं होतं. हसू नका. मला तेव्हा वाटलं, डोंगर उचलला.

सोमाला चार वर्षं होत आली होती. तशीच एसटीची वाट बघत होते. भज्यांचा कागद संपला, म्हणून मी पिशवीतला केसपेपर काढला. वरचं इंग्रजी. खाली कंपाउंडरच्या हातचं मराठी, किरटं. बोट ठेवून वाचायला लागले. आ-ई ता-डी पि-ते. मला वाटलं, मी चुकले. पुन्हा वाचलं. आई ताडी पिते. पुढं: घरी सुईणीकडे वेळ घालवला. उशिरा आणली.

मावशींना नेऊन दाखवलं. त्यांनी कढईखालची आच कमी केली, पदराला हात पुसले, वाचलं. म्हणाल्या, "बरोबर वाचलंस ग."

ताडी आमच्या पाड्यात पितात. लपवायचं कशाला? शेठच्या बंगल्यावर काय प्यायचे, ते कुणाच्या केसपेपरवर लिहिलं नाही. पण मी पोटुशी झाल्यापासून ताडीच्या नुसत्या वासानं ओकायची. नऊ महिने तोंडाला लावली नाही. आणि उशिरा? मी शाळेच्या पहिल्या घंटेला तिथं होते! तीन घंटा झाल्या माझ्यासमोर. त्यांच्या फरशीवर माझा सबंध दिवस गेला, आणि कागदावर तो दिवसच नाही. चोरला.

त्या दिवशी एसटी आली आणि गेली. मी बसलेच नाही. तिथं बाकड्यावर बसून चार वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या डोक्यातून मला काढलं. माझं गप्प राहणं गुन्हा नव्हता. एक बाई सबंध दिवस गप्प पडली असेल तर जवळ जाऊन पोटाला हात लावायचा असतो. एवढंच काम. नवशी आजी ते फुकट करत होती. हा पगार घेऊन करत नव्हता. आणि केलं नाही ते नाही, वर त्याचं पाप माझ्या तोंडाला ताडीचा वास लावून माझ्याच पोराच्या कागदावर लिहून ठेवलं.

रूपजी रविवारी आला तेव्हा त्याला सांगितलं. तो पायाच्या भेगा चोळत बसला. मग म्हणाला, "लिवलंय तर लिवू दे. तू काय बोलू नको. गोळ्या बंद करतील." तो भित्रा नव्हता. त्यानं सोमाला फिटीत बघितलं होतं. मीही बघितलं होतं. म्हणून पुढच्या महिन्यात दवाखान्यात गेले ते गप्प राहायचं ठरवूनच गेले. खरं सांगते.

त्या दिवशी मुंबईहून शिकाऊ नर्स आल्या होत्या. सहा-सात पोरी, पांढरे कपडे, हातात वह्या. डॉक्टरला ऐकणारी माणसं मिळाली होती, त्याचा चेहरा फुलला होता. मला बघून म्हणाला, "ए, इकडे आण ग त्याला. टेबलावर ठेव."

मी सोमाला टेबलावर ठेवलं. डॉक्टरनं त्याला दंडाला धरून बसवलं आणि मानेखालचा हात काढून घेतला. मान मागं पडली, टाळू पाठीला लागेल एवढी. सोमा कण्हला. डॉक्टरनं पुन्हा बसवलं, पुन्हा हात काढला. पोरींना नीट दिसावं म्हणून. चार वर्षांत माझ्या पोराला त्यानं हात लावला तो असा.

"मेंदूला इजा. बुद्धी शून्य. का? तर आई व्यसनी. घरी सुईण, मंत्रतंत्र, आणि सगळं बिघडलं की मग आमच्या दारात. आदिवासींमध्ये हे असंच चालायचं. लिहून घ्या."

पोरींनी वह्या उघडल्या. पेन्सिली चालू झाल्या. तो आवाज, कागदावर पेन्सिलीचा, उंदीर कुरतडतो तसा, माझ्या कानात शिरला. मनात म्हटलं, आता हे सात वह्यांत जाणार. सात वह्या मुंबईला जाणार. गोळ्यांचं मला आठवलं. रूपजीचं आठवलं. तरी मी सोमाची मान माझ्या तळव्यावर घेतली आणि म्हटलं,

"त्ये लिवू नका. खोटं हाय."

पेन्सिली थांबल्या. डॉक्टर हसला. "काय खोटं आहे? कागदावर आहे सगळं."

"कागद मी वाचला."

"तू?" तो पोरींकडे वळून हसला. "ही वाचते म्हणे!"

मी पिशवीतून केसपेपर काढला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचला. अडखळत. सगळ्यांना तेवढा वेळ उभं राहावं लागलं. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "मी साळंच्या पयल्या घंटंला आले. तुमी दारात च्या पीत हुबे होता. डाक्टर, तुमी माज्या पोटाला हात कवा लावला, येवडं सांगा."

त्यानं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं खिडकीकडे पाहिलं.

"सांगा ना. सकाळी लावला? दुपारी लावला? नानखटाय खाल्ल्यावर लावला?"

एक शिकाऊ पोरगी, चष्मेवाली, पुढं उभी होती. तिनं हळूच विचारलं, "सर, पायाळू होतं का?" डॉक्टर तिच्यावर भडकला. "तुम्ही इथं शिकायला आलाय की चौकशी करायला?" मी तिला म्हटलं, "व्हय बाय, पायाळू व्हतं. सुईनीनं सकाळीच सांगितलं व्हतं. तिला फाटकाभाईर काडली." आणि तिच्या हातातली पेन्सिल मागितली. तिनं दिली. का दिली, कुणास ठाऊक. केसपेपर टेबलावर सोमाच्या पायाशी ठेवून मी कंपाउंडरच्या ओळीखाली लिहायला लागले. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पाणी हिरवं आलं. हात लावला नाही. दिवे लागल्यावर डॉक्टर आला. तीन ओळींना केवढा वेळ लागला. डॉक्टर ओरडत होता, "सरकारी कागद आहे तो!" पण हात लावायला पुढं येत नव्हता. तेव्हाही.

शेवटी कंपाउंडरनं कागद ओढून डॉक्टरला दिला. डॉक्टरनं तो फाडला. चार तुकडे केले. "झालं? आता गोळ्या कुठून आणतेस ते बघतो."

मी म्हटलं, "फाडा. मला आता लिवता येतं."

सोमाला उचललं आणि निघाले. मागं चष्मेवालीनं वहीत काही खोडलं असेल की नसेल, मी वळून पाहिलं नाही. कुणाच्या दयेचा हिशेब ठेवायला मी गेले नव्हते.

गोळ्या बंद झाल्या. त्यानं शब्द पाळला, तेवढा एकच. बोईसरच्या दुकानातून विकत आणायला लागलो. रूपजी रविवारीही खडी वाहू लागला. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त एकदा विचारलं, "समदं वाचून दावलंस? त्याच्या तोंडावर?" मी म्हटलं, "समदं." तो म्हणाला, "मंग ठीक हाय." मध्ये सतरा दिवस गोळ्या नव्हत्या. ते सतरा दिवस मला माफ नाहीत, आणि त्यालाही नाहीत. सोमा पुढं नऊ वर्षांचा होऊन गेला. एकदाही आई म्हणाला नाही. भूक लागली की माझ्या गळ्यातली माळ चावायचा, ती त्याची हाक.

केसपेपर फाडला त्या दिवसानंतर मी नवशी आजीकडे गेले होते. विचारलं, "आजी, वरडायचं का नाय? खरं सांग." म्हातारी थकली होती, दिसत नव्हतं फारसं. तिनं चाचपून माझा हात धरला. मग म्हणाली, "घरात गप ऱ्हावा. हितं माजा हात हाय. तितं हात नाय, तितं वरडा. कौलं उडाली तरी वरडा."

माझी नणंद कमळी त्याच वर्षी अडली. मी तिला त्याच दवाखान्यात नेलं. तोच डॉक्टर, तीच चौकट. वाटेत गाडीतच तिला सांगितलं, "रीत घरी ठेव. तितं गेली का बोंब मार." कमळी लाजाळू, म्हणाली, "वयनी, मला नाय जमायचं." मी म्हटलं, "मग मी मारते." आणि खरंच, दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि मी अशी ओरडले की शाळेतली पोरं खिडक्यांना लागली. मग कमळीही ओरडली. आधी हसत, मग खरंखुरं. सिस्टर धावत आली. "तू बाहेर बस," मला म्हणाली. मी खाटेच्या पायाजवळ फरशीवर बैठक मारली. "डाक्टरला बोलवा. त्यानं हिच्या पोटाला हात लावला का मी जाते."

आला. मला ओळखलं. तोंड वाकडं केलं. बाही सारली आणि कमळीच्या पोटावर हात ठेवला. वर चाचपलं, खाली चाचपलं. बस.

कमळीचा पोरगा धडधाकट झाला. लोक हे ऐकून सुस्कारा सोडतात, बरं झालं म्हणतात. माझं उलटं झालं. मी तो हात बघत होते. किती वेळ लागला? एवढंच. कुकवाचं बोट टेकवायला लागतो त्याहून थोडा जास्त. एवढंच त्याला सोमासाठी करायचं होतं, आणि त्यानं चहा संपवला. त्या आधी मला त्याचा राग होता. त्या दिवशी राग गेला आणि तिरस्कार आला. राग निवतो हो, भाताच्या पेजेसारखा. ही चीज निवत नाही.

तो पुढं मोठा माणूस झाला. निरोप समारंभात त्याला हार घातले, गरिबांचा देव म्हणाले. मी मागं उभी होते. टाळी वाजवली नाही.

माझी नात, सोमाच्या धाकट्या बहिणीची लेक, म्हणते, "आजी, आता डॉक्टर असे नसतात." असतील, नसतील. मी तिला सांगते, मी कुणाच्या चांगुलपणावर बाळंतीण सोडत नाही. पाड्यातली बाई आजही अडली की माझ्या दारात गाडी थांबते. माझे गुडघे गेलेत, दोघींनी धरून चढवावं लागतं. दवाखान्यात कुणीतरी कोवळी पोर म्हणते, "आजी, तुम्ही बाहेर बसा ना." मी आत जाते. फरशीवर बसते. बाळंतिणीच्या पोटाला हात लागेपर्यंत उठत नाही.